जनावराला रक्त देण्याआधी जुळवणी सक्तीची करा: पशुसंवर्धन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि विदर्भातील सर्व जिल्हा परिषदांचे पशुसंवर्धन अधिकारी

विषय: तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय झालेल्या जनावरांना रक्त देण्याआधीची जुळवणी चाचणी (दात्याचे रक्त रुग्णाला चालेल का हे पाहणारी), तिचे साहित्य आणि रक्त दिल्याची नोंद याबाबत.

महोदय,

पावसाळ्याचे पहिले दोन महिने सरले की विदर्भातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत "गाय लाल मुतते" ही तक्रार वाढत जाते. गोचीड फोफावलेली असते, संकरित गाई तापाने फणफणलेल्या असतात, म्हशी विऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. त्यातली काही जनावरे इतकी पांढरी पडून येतात की औषध लागू पडेपर्यंत ती तग धरणार नाहीत हे डोळ्याची पापणी खाली ओढताच कळते. तेव्हा रक्त द्यावे लागते आणि ते दिलेही जाते. ते ज्या पद्धतीने दिले जाते, त्याबद्दल हे पत्र आहे.

आमच्या व्यवसायात एक वाक्य वर्षानुवर्षे चालत आले आहे: गाईला पहिल्या वेळी कुणाचेही रक्त चालते. वाक्य खोटे नाही. गोवंशात ए, बी, सी, एफ, जे, एल, एम, आर, एस, झेड आणि टी-प्राइम अशा ११ रक्तगट प्रणाली आहेत. एकट्या बी प्रणालीत ६० हून अधिक घटक आहेत, त्यामुळे दोन गाईंचे रक्त तंतोतंत सारखे निघणे जवळपास अशक्य. तरीही पहिली बाटली बहुधा निभावते, कारण माणसाच्या ए-बी-ओ गटांसारखी जन्मजात, जोरदार प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) गाईच्या रक्तात सहसा नसतात. 'जे' हा घटक नसलेल्या काही गाईंत 'जे'-विरोधी प्रतिपिंडे नैसर्गिकरीत्या असतात, तेवढा अपवाद.

घोटाळा होतो तो "पहिल्या वेळी" या शब्दांकडे दुर्लक्ष केल्याने. परके रक्त मिळाल्यावर आठवडा-दहा दिवसांत गाईच्या शरीरात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग पंधरा दिवसांनी, किंवा पुढच्या पावसाळ्यात, त्याच दात्याचे किंवा तसेच घटक असलेल्या दुसऱ्या जनावराचे रक्त दिले की दिलेल्या पेशी शिरेतच फुटू लागतात. गाय थरथरते, खोकते, लाळ गाळते, धापा टाकते, आधीच लाल असलेली लघवी आणखी काळी होते. बरेचदा ही लक्षणे मूळ रोगाच्या खात्यात जमा होतात आणि "रक्त दिले, तरी वाचली नाही" एवढीच नोंद उरते.

आता आर्वी-कारंजाकडची एखादी गवळाऊ किंवा बाजारातून आणलेली जर्सी संकरित गाय घ्या. चार वर्षांत ती तीन गोठ्यांत फिरलेली असू शकते. मागच्या मालकाकडे तिला रक्त दिले होते का, हे नव्या मालकाला माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून आमची पहिली मागणी सगळ्यात स्वस्त आहे. प्रत्येक जनावराच्या कानात आता १२ अंकी बिल्ला आहे. रक्त दिले की त्या बिल्ल्याच्या क्रमांकावर तारीख, दात्याचा बिल्ला क्रमांक आणि दिलेले प्रमाण यांची भारत पशुधन या जनावरांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत ठळक, वेगळी नोंद व्हावी. उपचाराच्या सर्वसाधारण रकान्यात ती पुरून टाकू नये. ही नोंद नसेल, तर कोणत्याही गाईची कोणतीही वेळ पहिली आहे असे समजण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गाभण आणि पुढे गाभण राहणाऱ्या गाईंचे दुखणे निराळे आहे. रक्त घेऊन तयार झालेली प्रतिपिंडे गाईच्या वारेतून वासरात जात नाहीत, ती चिकातून जातात. वासरू धडधाकट जन्मते, चीक पिते आणि एक-दोन दिवसांत मलूल होते, पांढरे-पिवळे पडते, लाल मुतू लागते. वळूकडून वासराला मिळालेला घटक आणि पूर्वी रक्त देणाऱ्या दात्याचा घटक एकच असला की असे घडते. परदेशात गोरक्तापासून बनवलेल्या ॲनाप्लाझ्मा या गोचीडजन्य रोगाच्या लसी गाईंना टोचल्यावर पुढच्या वासरांत हाच प्रकार दिसला होता, म्हणून त्याची कारणमीमांसा चांगली ठाऊक आहे. आपल्याकडे कृत्रिम रेतनात एकाच वळूच्या कांड्या गावभर वापरल्या जातात. त्यामुळे शेजारच्या गोठ्यातली दाता कालवड आणि रुग्ण गाईच्या पोटातले वासरू एकाच बापाचे असण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे. दाता निवडताना ही चौकशी करायला दोन मिनिटे लागतात. रक्त चढवलेली गाय व्याली, तर तिचा चीक न देता दुसऱ्या गाईचा चीक पाजावा, हे गोपालकाला लिहून दिले पाहिजे.

रक्ताकडे वळण्याआधी पेशी का फुटत आहेत हे ठरले पाहिजे. ते न ठरवता दिलेले रक्त त्याच कारणाने पुन्हा फुटते.

लाल लघवी काचेच्या नळीत अर्धा तास उभी ठेवा. तळाशी तांबडा थर बसून वर पिवळसर लघवी राहिली, तर तो रक्तस्राव आहे. सगळा नमुना एकसारखा लाल किंवा कॉफीच्या रंगाचा राहिला, तर पेशी फुटून सुटलेले हिमोग्लोबिन आहे किंवा स्नायूंतले मायोग्लोबिन. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा (पेशी तळाशी बसल्यावर वर राहणारे पाणी) पाहिला की हा फरकही मिटतो. हिमोग्लोबिन असेल तर प्लाझ्मा गुलाबी-लाल दिसतो, मायोग्लोबिन असेल तर तो स्वच्छ राहतो. लघवीच्या पट्टीवर मात्र तिन्ही सारखेच उमटतात, म्हणून केवळ पट्टीवर निदान नको.

त्यानंतर रक्ताचा लेप, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब. बबेसिया या तांबड्या पेशीतल्या गोचीडजन्य परजीवीसाठी तो कानाच्या टोकाच्या बारीक शिरेतून आणि औषधाच्या पहिल्या इंजेक्शनाआधी घ्यावा, मिथेनॉलमध्ये स्थिर करून जिम्सा रंगाने रंगवावा. ॲनाप्लाझ्मात पेशी मुख्यतः प्लीहेत मोडल्या जातात, म्हणून तिथे कावीळ दिसते, लघवी लाल होत नाही. ताप, पांढुरके डोळे आणि खांद्यापुढची सुजलेली गाठ असेल तर थायलेरिया या दुसऱ्या गोचीडजन्य रोगाचा संशय धरून गाठीतून सुईने नमुना घ्यावा. म्हशीत आणि घोड्यात सर्रा (चावणाऱ्या माश्यांतून पसरणारा रक्तातला परजीवी रोग) विसरू नये.

म्हशीचे फॉस्फरसचे दुखणे आमच्याकडे स्वतंत्र लक्ष मागते. पश्चिमेकडे सोयाबीन-तुरीचे कुटार, पूर्वेकडे धानाची तणीस, वर हिरवा चारा नावापुरता आणि ढेप परवडेल तेवढीच. अशा खाण्यावरची पूर्णाथडी किंवा नागपुरी म्हैस व्याल्यावर दुधातून फॉस्फरस गमावते. तांबड्या पेशीला ऊर्जा तयार करायला फॉस्फरस लागतो. तो नसला की पेशीचे आवरण टिकत नाही आणि ती फुटते. इथे सोडियम ॲसिड फॉस्फेट हाच उपाय आहे: मोठ्या म्हशीला ६० ग्रॅम, ३०० मिली ऊर्ध्वपातित निर्जंतुक पाण्यात, शिरेतून सावकाश, आणि पुढे तोंडाने. बाजारात "फॉस्फरसचे इंजेक्शन" म्हणून मिळणारी सेंद्रिय फॉस्फरसची औषधे रक्तातला फॉस्फेट भरून काढत नाहीत, तरी घाईत तीच टोचली जातात. फॉस्फेट न देता रक्त चढवले, तर नव्या पेशीही त्याच उपाशी प्लाझ्मात पडतात. सोडियम ॲसिड फॉस्फेट तालुक्याच्या औषधसाठ्यात जून ते डिसेंबर कायम असावे.

आणखी दोन कारणे इथल्या गोठ्यांतली. बाजारभाव पडल्यावर सडका कांदा ढीगभर खाऊ घातलेल्या गाईंच्या पेशीत हाइन्झ पिंडे (बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके) दिसतात. आणि एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर तहानलेल्या वासराने एकदम पोटभर पाणी ढोसले की काही तासांत लाल लघवी होते. दोन्हीकडे विचारपूस हीच अर्धी तपासणी.

आता रक्त कधी द्यावे. गाईचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, साधारण २४ ते ४६ टक्के असतो. तो झपाट्याने घसरून १२ च्या खाली गेला, नाडी शंभरीपलीकडे आणि दोन पावले चालताच धाप लागत असेल, तर थांबू नये. हळूहळू घसरलेला १० चा पीसीव्ही असूनही शांतपणे रवंथ करणारी गाय मात्र रक्ताशिवाय सावरू शकते. तिला ओढत वजनकाट्यावर नेणे किंवा पिकअपमध्ये चढवणे हाच मोठा धोका. बऱ्याच दवाखान्यांत पीसीव्हीचे यंत्र नसते आणि साहलीच्या नळीवर हिमोग्लोबिन मोजतात. पेशी शिरेतच फुटत असतील तर हे मोजमाप फसवते, कारण प्लाझ्मात मोकळे सांडलेले हिमोग्लोबिनही त्यात मोजले जाते. आकडा ६ दिसतो आणि गाय त्याहून बरीच खाली असते. लाल लघवीच्या जनावरात पीसीव्हीच खरा, म्हणून मायक्रोहिमॅटोक्रिट सेंट्रिफ्यूज प्रत्येक तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात हवेच.

किती द्यायचे, हेही मोजून ठरावे. ३५० किलोच्या गाईत किलोला ८० मिली धरून सुमारे २८ लिटर रक्त असते. पीसीव्ही ९ वरून १५ वर न्यायचा आणि दात्याचा पीसीव्ही ३३ असेल, तर ६ भागिले ३३ गुणिले २८, म्हणजे जवळपास ५ लिटर रक्त हवे. ४०० किलोच्या दात्याकडून किलोला १० मिली या बेताने ४ लिटर निर्धास्त काढता येते. तेवढ्याने पीसीव्ही १३-१४ पर्यंत जातो, आणि औषध लागू पडेपर्यंत तो पुरतो. माणसांच्या ३५० मिलीच्या पिशव्यांत हे काम करायचे तर अकरा-बारा पिशव्या लागतील. म्हणून एक-दोन पिशव्या चढवून "रक्त दिले" असे म्हणणे म्हणजे गाईला फायदा नगण्य आणि प्रतिपिंडांचा धोका पुरता. देशी कालवड, शेळी, कुत्रा यांना त्या पिशव्या ठीक. गाई-म्हशींसाठी ३ ते ५ लिटरची निर्जंतुक भांडी आणि ३.८ टक्के सोडियम सायट्रेट पुरवावे. प्रमाण ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, म्हणजे ४ लिटरला सुमारे ४५० मिली. कमी पडले तर गुठळी होते. जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम बांधले जाऊन नुकतीच व्यालेली म्हैस कापरे भरून आडवी होते.

आता या पत्राचा गाभा, म्हणजे जुळवणी.

दाता आणि रुग्ण, दोघांचे रक्त पेशींसाठी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारे रसायन) जांभळ्या बुचाच्या नळीत, आणि सिरमसाठी (रक्त गोठल्यावर सुटणारे पाणी) साध्या नळीत घ्यावे, कारण पुढे लागणारे कॉम्प्लिमेंट ईडीटीएने निकामी होते. साधी नळी फिरवून सिरम वेगळे काढावे. पेशी ०.९ टक्के सलाईनने तीन वेळा धुवाव्यात आणि ०.२ मिली दाबलेल्या पेशी ४.८ मिली सलाईनमध्ये मिसळून ४ टक्क्यांचे मिश्रण करावे. मग मेजर, म्हणजे मुख्य नळीत रुग्णाच्या सिरमचे दोन थेंब आणि दात्याच्या पेशींचा एक. मायनर, म्हणजे उलट नळीत दात्याचे सिरम आणि रुग्णाच्या पेशी. तिसऱ्या नळीत रुग्णाचेच सिरम आणि रुग्णाच्याच पेशी. ३७ अंशांवर अर्धा तास. नंतर क्षणभर फिरवून आधी वरचे पाणी गुलाबी झाले का पाहायचे, मग नळी हळूच टिचकून तळाची कवडी एकसारखी सुटते की गोळ्यांनी सुटते ते पाहायचे, आणि शेवटी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली.

तिसरी नळी बहुतेक वेळा गाळली जाते, आणि पेशी फुटण्याच्या रोगात तीच सर्वांत महत्त्वाची. रुग्णाचे सिरम मुळातच लाल आहे, त्यामुळे मेजर नळीतले पाणी लाल दिसणारच. तिसऱ्या नळीपेक्षा मेजर नळीचा रंग गडद झाला, तरच नवीन पेशी फुटल्या असे म्हणता येते. तुलनेला नळी नसेल तर एक तर चांगला दाता नाकारला जातो, किंवा "लाल तर आधीच होते" म्हणून वाईट दाता पास होतो.

याहून मोठा दोष असा की गाईच्या पेशी सहजासहजी एकमेकींना चिकटत नाहीत. काचपट्टीवर दोन थेंब मिसळून "गुठळी नाही, रक्त जुळले" असा निष्कर्ष कुत्र्यात काही अंशी चालेल, गाईत तो खोटा दिलासा आहे. गोवंशाची प्रतिपिंडे दिसतात ती पेशी फोडताना, आणि त्यासाठी नळीत कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडांच्या साथीने पेशी फोडणारी रक्तातली प्रथिने) लागते, म्हणजे सशाचे ताजे सिरम. त्या सिरमात गाईविरुद्धची काही प्रतिपिंडे मुळातच असतात. म्हणून ते आधी बर्फात ठेवून गाईच्या धुतलेल्या पेशींनी शोषून घ्यावे लागते, आणि दात्याच्या पेशी, सलाईन व कॉम्प्लिमेंट एवढेच असलेली चौथी नळी लावावी लागते. त्या नळीतल्या पेशी फुटल्या तर सशाचे सिरम खराब, पुढचा निकाल रद्द.

कॉम्प्लिमेंट उष्णतेने मरते, खोलीच्या तापमानातही काही तासांत दुबळे होते. फ्रिजमध्ये फार दिवस टिकत नाही. पण तालुक्याच्या रेतन केंद्रावर वीर्यकांड्यांसाठी उणे १९६ अंशांचे द्रव नत्राचे पात्र आधीपासून आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेने शोषलेले सशाचे सिरम अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या बंद कुप्यांत भरून तालुक्यांना पाठवावे आणि या पात्रातल्या वेगळ्या, खुणेच्या डब्यात ते ठेवावे. एक कुपी एकदाच वितळवायची, उरलेली पुन्हा गोठवायची नाही. नवे शीतगृह बांधावे लागत नाही. भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरपलीकडे आहे. तिथल्या गाईचा नमुना नागपूरला पाठवून निकालाची वाट पाहणे हा उपाय होऊ शकत नाही. चाचणी तालुक्यातच व्हायला हवी.

नमुना नेण्याबाबतही सूचना काढाव्यात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या नळीतल्या पेशी अर्ध्या वाटेतच फुटून प्लाझ्मा लाल होतो. लशीच्या शीतपेटीत ठेवताना ती नळी बर्फाच्या गोळ्याला चिकटू देऊ नये, गोठलेल्या पेशीही फुटतात. मध्ये कापडाची घडी पुरते. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर धावणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांच्या पेटीत ईडीटीए नळ्या, साध्या नळ्या आणि लेपाच्या काचपट्ट्या सक्तीने असाव्यात.

दात्याची निवड: निरोगी, तरणाबांड, कधीही रक्त न चढवलेला बैल किंवा कालवड, लेपात गोचीडजन्य रोग नाही, ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी झालेली, अंगावर लम्पीच्या गाठी नाहीत. पेरणी-डवरणीच्या दिवसांत बैलाला औताला जुंपायचे असेल तर त्याचे रक्त घेऊ नये. म्हशीला म्हशीचेच रक्त, शेळीला शेळीचेच. गाईचे रक्त म्हशीला चालते हा समज बंद व्हावा.

रक्त जाळीच्या सेटमधूनच जावे. पहिले २०० मिली दहा-पंधरा मिनिटांत, मग थांबून ताप, नाडी, श्वास पाहावेत, त्यानंतरच वेग वाढवावा. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट सोडू नये, त्यातल्या कॅल्शियमने सायट्रेटचे रक्त गोठते. डेक्स्ट्रोजही नको. सोबत फक्त साधे सलाईन. थरथर, खोकला, अंगावर पित्त, धाप, यातले काही दिसले की रक्त बंद, सलाईन सुरू, आणि मोठ्या गाईला १:१००० ॲड्रेनॅलिन ४ ते ५ मिली स्नायूत. उरलेले रक्त फेकू नये, त्यावर जुळवणी पुन्हा करून पाहता येते.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात. त्यांच्यात डीईए १ हा गट सर्वांत महत्त्वाचा, त्याची पट्टी-चाचणी मिळते, आणि नियम गाईसारखाच: पहिली वेळ बहुधा निभावते, दुसरी जुळवणीशिवाय नाही. स्वतःच्याच पेशी स्वतः मोडणाऱ्या कुत्र्यात तिसरी नळीही गुठळ्या दाखवते, तेव्हा मेजर नळीचा अर्थ लागत नाही. अशा वेळी डीईए १ निगेटिव्ह दाता शोधावा. स्टिरॉइड सुरू करण्याआधी लेपात बबेसिया गिब्सोनी शोधणे विसरू नये. मांजराला मात्र पहिलेच विजोड रक्त जीवघेणे ठरू शकते. गट तपासल्याशिवाय एक मिलीही नाही.

आपण एक परिपत्रक काढावे, ही विनंती. बिल्ल्यावर नोंद, तीन नळ्या अधिक कॉम्प्लिमेंटची नळी, पीसीव्हीचे यंत्र, सायट्रेट आणि मोठी भांडी, सोडियम ॲसिड फॉस्फेटचा साठा, आणि प्रत्येक तालुक्यातून एक पशुवैद्यक व एक पर्यवेक्षक यांना महाविद्यालयात हाताने चाचणी करून घेणारे प्रशिक्षण. जिल्हा नियोजनाच्या निधीत हा खर्च बसतो. खरेदीची प्रक्रिया मार्चआधी सुरू झाली, तरच साहित्य जूनपर्यंत तालुक्याला पोहोचते. पावसाळ्यात मंजुरी मिळाली तर त्या वर्षीच्या गाईंना तिचा उपयोग नाही.

आपले,
विदर्भातील ग्रामीण भागात काम करणारे पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षक